सणाची गर्दी, घरातले आजारपण आणि पाळण्यातले बाळ

व्यापारी कुटुंबाची दिवाळी इतरांच्या दिवाळीहून वेगळी असते. नोकरदाराला सुट्टी लागते त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या कामाला भर येतो. शाहूवाडी तालुक्यात हा फरक अधिक ठळकपणे दिसतो. कोल्हापूर–रत्नागिरी महामार्गावरील बांबवडे आणि मलकापूर या बाजारपेठांवर डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांची वर्षाची खरेदी अवलंबून असते. ऐन दिवाळीत भाताची सुगी चालू असल्यामुळे मजूर मिळत नाही आणि दुकानातला गडीही चार दिवस शेतावर जातो. रोजगारासाठी मुंबईला गेलेली मंडळी याच सुमारास गावी परततात. आंबा घाटाकडे आणि पुढे कोकणात जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. किराणा असो, कापड असो वा भांडी, पेढीवर बसलेल्या माणसाला पाणी प्यायलाही उसंत मिळत नाही.

अशा दिवसांत घरात एखादा वडीलधारा आजारी पडला आणि त्याच घरात दोन-तीन महिन्यांचे तान्हे बाळ असले, म्हणजे त्या कुटुंबाची खरी परीक्षा सुरू होते. ही परीक्षा बहुधा पैशाची नसते. आपल्या कुटुंबांत औषधपाण्याला कोणी हात आखडता घेत नाही आणि मायेलाही तोटा नसतो. उणीव असते ती मोकळ्या माणसाची आणि वेळेवर घेतलेल्या निर्णयाची. दुकान, पाहुणे, पूजा, रुग्ण आणि बाळ या पाच आघाड्यांवर घरातली मोजकी माणसे वाटली जातात. कोणी काय करायचे हे आधी ठरलेले नसले, तर सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीवर सर्वांत जास्त भार पडतो. ती व्यक्ती बहुतेक वेळा बाळाची आई असते.

चार दिवसांचे चित्र

उदाहरणादाखल २०२४ ची दिवाळी घ्यावी. त्या वर्षी मंगळवारी, २९ ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती. गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी, शुक्रवारी, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा आणि रविवारी भाऊबीज आली. शुक्रवारपासून रविवारपर्यंत सलग तीन दिवस सुट्टीचे होते. या दिनदर्शिकेवर एक कुटुंब कल्पावे. ते कोणा एकाचे घर नाही, पण अशी घरे प्रत्येक बाजारपेठेत आहेत. खाली दुकान, वर राहते घर. आजोबांचे वय चौऱ्याहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब जुनाच. आजींचे गुडघे दुखतात. दोन मुलगे दुकान सांभाळतात. थोरल्या सुनेकडे स्वयंपाकघर आहे. धाकटी सून पहिले बाळंतपण माहेरी आटोपून नुकतीच सासरी आली आहे आणि तिचे बाळ अडीच महिन्यांचे आहे. भाऊबीजेला दोन्ही नणंदा मुलाबाळांसह येणार आहेत.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आजोबांना थंडी वाजून ताप येतो. बुधवारी अंग ठणकते, डोके दुखते, जेवण जात नाही. डॉक्टरांकडे नेण्याचा विषय निघतो तेव्हा आजोबाच म्हणतात, "मला काय झालंय? तुम्ही दुकानाकडं बघा." गुरुवारी दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडे राहते. शुक्रवारी सकाळी ताप उतरतो आणि सगळ्यांनाच हायसे वाटते. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू अर्पण झालेला असतो, संध्याकाळी वहीपूजन असते. दुपारी आजोबांचे पोट दुखते, दोनदा उलटी होते, ते गुंगल्यासारखे पडून राहतात. त्याच वेळी पाळण्यातल्या बाळाला शिंका आणि किंचित खोकला सुरू होतो. धाकटी सून खाली निरोप पाठवते. वर उत्तर येते, "पूजा झाल्यावर बघू."

हे उत्तर देणारा मुलगा निष्काळजी नसतो. त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभे असते, गुरुजी यायचे असतात, आणि ताप उतरला हे त्याने सकाळीच ऐकलेले असते. तरीही हे वाक्य तपासून पाहिले पाहिजे, कारण सणाच्या दिवसांत आजार बळावतो तो बरेचदा अशाच एखाद्या वाक्याच्या आडोशाने.

ताप उतरला, तरी

पावसाळा संपल्यानंतरचे दोन-तीन महिने डेंग्यूचे असतात. या तापाची एक फसवी रीत आहे. त्यातला धोक्याचा काळ बहुधा ताप उतरू लागतो तेव्हाच, म्हणजे आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण थकवा, अस्वस्थता किंवा गुंगी यांपैकी एकही लक्षण दिसले, तर रुग्णाला त्याच तासात रुग्णालयात न्यायला हवे. वय झालेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसाला हा धोका अधिक असतो. आपल्या कल्पिलेल्या घरात मंगळवारी आलेला ताप शुक्रवारी उतरला, म्हणजे चौथ्या दिवशी. घरच्यांना ज्या क्षणी हायसे वाटले, त्याच क्षणापासून अधिक सावध राहण्याची गरज होती.

तापावर घरात असेल ती गोळी देण्याची सवयही इथे घातक ठरू शकते. डेंग्यूचा संशय असताना अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, एवढेच सुरक्षित. मधुमेही माणूस जेवत नसताना त्याची नेहमीची साखरेची गोळी किंवा इन्सुलिन तसेच चालू राहिले, तर रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. ती आपल्या मनाने बंद करणेही योग्य नाही. असा ताप आला की पहिल्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून औषधांचे काय करावे, हे विचारून घ्यावे. घरात साखर मोजण्याचे यंत्र असेल, तर ते अशा दिवसांत कपाटात न ठेवता उशाशी ठेवावे.

दुसरा धोका पक्षाघाताचा. दगदग, जागरण, फराळातले गोड व खारट पदार्थ आणि चुकलेली रक्तदाबाची गोळी हे सगळे सणात एकत्र येते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक घडले, तर घड्याळ पाहून ती वेळ लिहून ठेवावी. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. मलकापूरहून कोल्हापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. सणाच्या वर्दळीत या प्रवासाला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. पूजा उरकून निघू असे ठरवले, तर त्या साडेचार तासांतला मोठा वाटा घरातच संपतो.

जवळची सोय कोणती, हेही घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. मलकापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये आहेत. सणाला बाह्यरुग्ण विभाग बंद असला, तरी मोठ्या रुग्णालयांचा तातडीचा विभाग बंद नसतो. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह सुरू झाली. या गाडीत प्राणवायू आणि प्रशिक्षित माणूस असतो. घरची मोटार दारात उभी असली, तरी श्वास लागलेल्या किंवा गुंगीत गेलेल्या रुग्णासाठी ही गाडी अधिक योग्य ठरते. पश्चिमेकडच्या डोंगरातील वाड्यांवर गाडी पोहोचायला वेळ लागतो. तेथील कुटुंबांनी रस्त्यापर्यंत रुग्णाला कसे आणायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

बाळाचे नियम वेगळे

मोठ्या माणसाच्या आजारात थोडी वाट पाहता येते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तेवढीही सवलत नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरगुती उपाय न करता त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. हाताच्या पाठीने कपाळ पाहून ताप ठरवण्याची आपली जुनी सवय इथे पुरत नाही, म्हणून घरात थर्मामीटर असलाच पाहिजे.

खोकला आणि सर्दी झालेल्या बाळाचा श्वास मोजणे ही घरच्या कोणालाही जमणारी गोष्ट आहे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळात ती ६० किंवा त्याहून अधिक, आणि दोन ते बारा महिन्यांच्या बाळात ५० किंवा त्याहून अधिक असेल, तर श्वास जलद आहे असे समजून बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध ओढणे बंद होणे, उठवूनही न उठणे, झटके येणे ही तर तातडीची लक्षणे आहेत. दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, तर दूध कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

काय देऊ नये, याचीही यादी पाठ असावी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीही नाही. पाहुण्यांनी कौतुकाने बोटावर चाटवलेला मध एक वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा करू शकतो. घरात मोठ्या मुलासाठी आणलेले खोकल्याचे औषध थेंबभर देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे स्पष्टपणे कळवले आहे.

घरात आजारी माणूस आणि बाळ एकाच वेळी असले, की दोघांच्या खोल्या वेगळ्या कराव्यात. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट होत नाही. तो डास चावल्याने होतो आणि हा डास दिवसा चावतो. म्हणून आजोबांनाही दिवसा मच्छरदाणीत ठेवावे आणि बाळालाही. छतावरची टाकी, कुंड्यांखालच्या थाळ्या, दुकानामागे पडलेले डबे आणि टायर यांत साचलेले स्वच्छ पाणी दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकले, तर निम्मे काम होते. सर्दी-पडशाचे मात्र तसे नाही. ते हाताने आणि श्वासाने पसरते. भाऊबीजेला आलेल्या प्रत्येक भाच्याने बाळाचा पापा घेतलाच पाहिजे असा काही शास्त्रार्थ नाही. "हात धुऊन ये, लांबून बघ," असे आजींनी सांगितले तर कोणी रागावत नाही. सुनेने सांगितले तर मात्र चर्चा होते. म्हणून हे सांगण्याचे काम आजींनीच आपल्याकडे घ्यावे. आईला स्वतःला सर्दी-ताप असला, तरी सहसा दूध पाजणे थांबवायचे नसते. हात धुऊन आणि तोंडाला मास्क लावून पाजावे. फटाक्यांच्या धुरापासून मात्र बाळाची खोली संध्याकाळभर बंद ठेवावी.

आईच्या खात्यावर काय पडते

दुकानाच्या वहीत दिवसभराची प्रत्येक विक्री नोंदली जाते. आठवड्याची उधारी कोणाकडे किती, हे तोंडपाठ असते. घरातल्या श्रमाची अशी कीर्द कोणी लिहीत नाही. लिहिली, तर त्या चार दिवसांचे धाकट्या सुनेचे पान असे दिसेल: रात्री दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजणे, पहाटे आंघोळीचे पाणी, सकाळी फराळाची ताटे, दुपारी सासऱ्यांना पेज भरवणे आणि औषध देणे, संध्याकाळी पूजेची तयारी, रात्री पाहुण्यांची अंथरुणे. सलग चार तासांची झोप या पानावर कुठेही सापडणार नाही. अडीच महिन्यांपूर्वी बाळंत झालेले तिचे शरीर अजून भरून यायचे आहे, हे घरात सर्वांना माहीत असते. पण सणाच्या धांदलीत ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

याचा परिणाम केवळ तिच्यापुरता राहत नाही. न झोपलेली, न जेवलेली आई बाळाचे श्वास नीट मोजू शकत नाही. औषधाची वेळ तिच्याकडून चुकू शकते. दूध कमी येते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना येणारे नैराश्य अशा ताणात अधिक गडद होते. सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, झोप मिळूनही झोप न लागणे, आपण नकोसे आहोत असे वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर ती आजाराची लक्षणे समजावीत. त्यांना नखरे म्हणू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी दिवसरात्र उपलब्ध असतो. तेथे मराठीतही बोलता येते.

व्रताचाही प्रश्न इथे येतो. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम अनेक घरांत आहे. आजोबांची रात्रीची गोळी जेवणानंतरची असेल, तर ती सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. बहुतेक वेळा वेळापत्रक बदलून मिळते. दूध पाजणाऱ्या आईला मात्र रात्रीही तहान आणि भूक लागते. शक्तीप्रमाणे तप करावे, हीच आपल्या परंपरेची दृष्टी आहे. आजारी माणूस, बाळंतीण आणि बालक यांच्याकडून निरोगी माणसाइतक्या नेमाची अपेक्षा तिने केलेली नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी हे स्वतःहून बोलून दाखवले, तर सुनेला विचारण्याचा संकोच राहत नाही.

बंद बँक आणि उघडे रुग्णालय

सलग सुट्ट्यांमध्ये बँकेचे दार बंद असते. पूर्वी या कारणाने घरात मोठी रोकड ठेवावी लागे. आता तसे राहिलेले नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालते. रुग्णालयाचे बिल यूपीआयने देण्याची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने १ लाखावरून ५ लाख रुपये केली. उलट, गल्ल्यातली रोकड घेऊन गेल्यास अडचण येऊ शकते. १ एप्रिल २०१७ पासून प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही.

खरी अडचण दुसरीकडेच असते. अनेक व्यापारी घरांत मोठी बचत आजोबांच्या एकट्याच्या नावावर असते. नेट बँकिंगचा संकेतशब्द त्यांच्याच डोक्यात असतो आणि ते स्वतः अतिदक्षता विभागात असतात. खाते दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात’ या पद्धतीचे करून ठेवले, तर ही वेळ येत नाही. हे काम सणाच्या आधीच्या पंधरवड्यात बँकेत जाऊन अर्ध्या तासात होते.

विम्याचे कागदही तसेच. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या आदेशानुसार रोकडरहित उपचारांच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि घरी सोडण्याची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. हा नियम सणालाही लागू असतो. त्याचा उपयोग व्हायचा तर पॉलिसीचा क्रमांक, ओळखपत्र आणि रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे की नाही, ही माहिती हाताशी हवी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या धनत्रयोदशीपासूनच मिळू लागले. सधन कुटुंबांना वाटते की हे आपल्यासाठी नाही. तसे नाही, मात्र त्यासाठी आधार कार्डावरून स्वतंत्र कार्ड आधी काढून ठेवावे लागते. बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. अनेक कौटुंबिक पॉलिसींमध्ये बाळाचा समावेश ९१ व्या दिवसापासून आणि आपण कळवल्यावरच होतो. अडीच महिन्यांचे बाळ आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे रुग्णालयाच्या खिडकीवर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

माणसांची वाटणी

हे सगळे जाणूनही शुक्रवारच्या दुपारी प्रश्न एकच उरतो: कोण जाणार आणि कोण थांबणार? त्याचे उत्तर त्या दुपारी शोधायला घेतले, तर तास जातो. म्हणून वसुबारसेच्या आधीच घरातल्या सर्वांनी एकदा बसून चार गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, रुग्णाबरोबर जाणारा माणूस. तो दुकानातला असला तरी चालेल, पण तो एकच असावा आणि त्याचे नाव आधी ठरलेले असावे. रुग्णाच्या औषधांची नावे, त्याचे जुने अहवाल आणि रक्तगट त्याच्या मोबाइलमध्ये असावेत. दुसरी, बाळाजवळचा दुसरा माणूस. आई झोपलेली असताना बाळाला घेणारे एक जोडीचे हात हवेत. थोरली जाऊ, आजी किंवा लवकर आलेली नणंद यांपैकी कोणीही. भाऊबीजेला येणाऱ्या बहिणीने दोन दिवस आधी येऊन हे काम घेतले, तर भावाच्या घरी यापेक्षा मोठी ओवाळणी नाही. आईला काही तास दूर जावे लागणार असेल, तर काढून झाकून ठेवलेले दूध साधारण खोलीच्या तापमानात चार तास चांगले राहते. ते वाटी-चमच्याने पाजता येते. रुग्णालयाच्या वॉर्डात बाळाला नेऊ नये.

तिसरी, दुकानाची मर्यादा. घरात रुग्ण असेल तर दुकान किती वाजता बंद होईल, हे आधीच ठरवून फळ्यावर लिहावे. रात्री आठनंतरच्या अडीच तासांत होणारी विक्री किती, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असते. तेवढी रक्कम एका बाजूला लिहावी आणि दुसऱ्या बाजूला त्या अडीच तासांत घरात मिळणारा एक जाणता माणूस लिहावा. हा हिशेब करायला व्यापाऱ्याला कोणाच्या मदतीची गरज नसते. नेहमीचे गिऱ्हाईक घरचे दुखणे समजून घेते. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.

चौथी, निर्णयाचा अधिकार. ही सर्वांत महत्त्वाची. रुग्णाजवळ आणि बाळाजवळ जी व्यक्ती सर्वाधिक वेळ असते, तिला लक्षणे सर्वांत आधी दिसतात. ती धाकटी सून असेल, तर तिने "आत्ता निघायला हवे" म्हटल्यावर कोणाची परवानगी लागू नये. १०८ ला फोन करण्याचा अधिकार तिला आधीच दिलेला असावा आणि तो सर्वांसमोर दिलेला असावा. संयुक्त कुटुंबात मान राखण्यासाठी सुना अनेकदा गप्प राहतात. त्यांच्या गप्प राहण्याची किंमत पुढे घरातल्याच कोणाला तरी मोजावी लागते. सासऱ्यांनी स्वतः धनत्रयोदशीला म्हटले की, "पोरी, तुला काही वेगळं वाटलं तर खाली विचारायला येऊ नकोस, थेट फोन कर," तर घरातले निम्मे अडसर दूर होतात.

शेजारचा हात

लहान कुटुंबांत एवढी माणसेच नसतात. दोघे नवरा-बायको, एक आजारी आई आणि एक बाळ एवढाच संसार असतो, आणि दुकानही त्यांनाच चालवायचे असते. तेथे समाजाने पुढे यायला हवे. आजारी माणसाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, ही आपल्याकडे सहा अंतरंग तपांत गणली गेली आहे. साधुसंतांच्या संदर्भात आपण ती जाणतो. शेजारच्या घरातल्या रुग्णापर्यंत ती पोहोचवायला कोणाची हरकत असणार नाही. एखाद्या तरुणाने मोटार घेऊन कोल्हापूरला जायची तयारी ठेवावी. एखाद्या काकूंनी दुपारचे दोन तास बाळाला सांभाळावे. दुसऱ्या घरातून चार दिवस डबा यावा. शेजारच्या दुकानदाराने संध्याकाळी दोघांचाही गल्ला पाहावा. मंदिराच्या फळ्यावर सणाच्या आधी अशा इच्छुकांची नावे आणि फोन क्रमांक लिहून ठेवले, तर मागणाऱ्याला संकोच वाटत नाही. सुट्टीत कोणते औषधाचे दुकान कधी उघडे राहील, हेही तेथेच लिहिता येईल. आपली बरीच औषधाची दुकाने समाजातल्याच लोकांची आहेत, त्यामुळे ही माहिती एका फोनवर मिळते. नियमित औषधे दहा दिवस पुरतील एवढी आधीच घरात आणून ठेवणे मात्र ज्याचे त्यानेच करायचे आहे.

धनत्रयोदशीला नवी वही घरात येते. त्याच दिवशी एक कोरा कागद घेऊन त्यावर मोठ्या अक्षरांत पुढील गोष्टी लिहाव्यात: रुग्णाची औषधे आणि वेळा, बाळाचे वजन, डॉक्टरांचे दोन क्रमांक, १०८, रुग्णालयाचे नाव, सोबत जाणाऱ्याचे नाव, बाळाजवळ थांबणाऱ्याचे नाव, आणि सणाच्या दिवसांत दुकान बंद होण्याची वेळ. हा कागद आजोबांच्या उशाजवळच्या भिंतीवर लावावा आणि त्याचा फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पाठवून ठेवावा. भाऊबीजेला येणाऱ्या लेकींनाही तो आधीच पाठवावा, म्हणजे त्या येतील तेव्हा कोणते काम हाती घ्यायचे, हे त्यांना ठाऊक असेल.